घरच्या सरावासाठी छोटा हायब्रिड ट्यूब अ‍ॅम्प : घ्यावा का, आणि कुठल्या प्रकारचा?

खर्जातला_मी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता स्वतःच घोळात सापडलोय म्हणून धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागून सहा वर्षं झाली. बँड नाही, स्टेजवर चढायची हौस नाही, रात्री सगळं आवरलं की तासभर वाजवायचं एवढंच. सध्या १५ वॉटचा, आठ इंची स्पीकरचा जुना ट्रान्झिस्टर कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आहे. क्लीन आवाज चालवून घेण्यासारखा, पण गेन (सिग्नल आत किती वाढवायचा तो नॉब) जरा चढवला की पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं, विशेषतः खालच्या दोन तारांवर. मागच्या महिन्यात मित्राकडे पूर्ण ट्यूबवाला (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प वाजवला आणि डोकं फिरलं. हात हलका ठेवला तर स्वच्छ, जरा दाबून मारलं की आपोआप खरखर येते, पेडलला पाय लावायलाच नको. पण ती मजा त्याने व्हॉल्यूम वर नेल्यावर, आणि तोवर खिडक्या बोलायला लागल्या होत्या. माझ्याकडे शेजारच्याच खोलीत दीड वर्षाचं पोर झोपलेलं असतं, तेव्हा तो प्रकार होणे नाही.

मग वाचता वाचता हायब्रिड हा शब्द सापडला. छोटी ट्यूब पुढे, ट्रान्झिस्टर मागे, वजनाला हलका, हेडफोनची सोय. ऐकायला तर सगळं माझ्यासाठीच बनवल्यासारखं. पण निम्मे लोक म्हणतात की ती ट्यूब नुसती शोभेची असते. खरं काय? वाजवतो ब्लूज आणि जुन्या वळणाचं रॉक, गिटारला हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) आहेत, हेडफोन जॅक हवाच.

नादखुळा

हायब्रिड म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. सरळ एक वॉटचा फुल ट्यूब घे आणि सुटलास. ब्लॅकस्टार एचटी-१ बघ, एक ईसीसी८३ आणि एक ईसीसी८२, आठ इंची स्पीकर, हेडफोनही लागतो. एक वॉटने कोणाचं पोर उठतंय?

शून्य_डेसिबल

नादखुळा, एक वॉटने आख्खा मजला उठतो हो :) वॉट बघून आवाजाचा अंदाज बांधायला गेलं की इथेच फसायला होतं म्हणून जरा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

गिटारच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी जबरदस्त असते. सेलेशनचा जी१२एम ग्रीनबॅक घ्या, ९८ डेसिबल. म्हणजे त्याला एक वॉट दिला तर एक मीटरवर ९८ डेसिबल. बंद खोलीत हा आवाज कान झाकायला लावतो. आता घरात वाजवायचं म्हणजे ८० डेसिबल धरू, तेही रात्री जास्तच आहे. ९८ मधून ८० गेले, १८ डेसिबल खाली यायचं, आणि दर १० डेसिबलला पॉवर दहापट कमी होते. उत्तर येतं साधारण १६ मिलिवॉट. मिलिवॉट! ७० डेसिबलवर आलात तर दीड मिलिवॉटच्या आसपास. आठ इंची स्पीकर सहसा थोडा मंद असतो, त्याला जरा जास्त लागेल, पण चित्र तेच.

उलट बाजूनेही बघा. २० वॉट आणि ५० वॉट यात फरक फक्त ४ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून २० वॉट घरासाठी फार होतील म्हणून ५ चा घेतो, या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. दोन्ही घराला फारच आहेत.

मुद्दा असा की पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणारी मागची ट्यूब) फुटायला, म्हणजे तो गोड डिस्टॉर्शन द्यायला, तिला तिच्या पूर्ण ताकदीपर्यंत न्यावं लागतं. घरात आपण तिथपर्यंत कधी पोचतच नाही. मग ती ट्यूब मागे नसली तर तुमचं गेलं काय?

नादखुळा

हिशोब मान्य, पण फील नावाची गोष्ट आहे की नाही? ट्रान्सफॉर्मर असतो, नोट मारल्यावर सप्लायचा व्होल्टेज किंचित बसतो, ते बोटांना कळतं.

शून्य_डेसिबल

कळतं, पण अ‍ॅम्प जोरात असताना. १६ मिलिवॉटला सप्लाय बसत नाही, जांभया देतो.

जुना_व्हॉल्व्ह

आधी हायब्रिड कशाला म्हणायचं ते ठरवू या, कारण या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि लोक एकमेकांशी भांडत बसतात.

पहिला प्रकार धागाकर्ता म्हणतोय तो. प्रीअ‍ॅम्प म्हणजे सिग्नल आधी वाढवणारा पुढचा भाग. प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७ (तीच ईसीसी८३, नाव युरोपातलं), मागे ट्रान्झिस्टर किंवा चिपची पॉवर. मार्शलची व्हॉल्व्हस्टेट मालिका १९९१ ला आली ती याच जातीची, ८०८० वगैरे. आजच्या छोट्या हेडमध्ये (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) ऑरेंज मायक्रो टेरर आणि त्याचा भाऊ मायक्रो डार्क, दोन्ही २० वॉट.

दुसरा बरोबर उलटा. पुढे ट्रान्झिस्टर, मागे ट्यूब. १९७० च्या दशकातले म्युझिक मॅनचे अ‍ॅम्प असे होते, लिओ फेंडर त्या कंपनीत असतानाचे. फेंडरचा सुपर चॅम्प एक्सडी पण याच कुळातला, पुढे डिजिटल आणि मागे दोन ६व्ही६, १५ वॉट. चांगले असतात पण तुला उपयोग नाही, कारण जी ट्यूब फुटायला जोर लागतो तीच मागे ठेवलीये.

तिसरा प्रकार जरा वेगळ्या डोक्याचा. व्हॉक्सच्या व्हॅल्व्हट्रॉनिक्स एडी मालिकेत १२एएक्स७ प्रीअ‍ॅम्पला नव्हती, तिला एक चिमुकली पॉवर स्टेज म्हणून वापरलं आणि तिथून निघालेला सिग्नल ट्रान्झिस्टरने मोठा केला. म्हणजे डिजिटल मॉडेलिंग (इतर अ‍ॅम्पची नक्कल), त्यामागे ट्यूब, त्यामागे ट्रान्झिस्टर. आणि व्हॉक्सचाच एमव्ही५०, त्यात नेहमीची बाटली नाहीच, न्यूट्यूब आहे. कॉर्ग आणि नोरिताके यांनी मिळून केलेली, जुन्या डेकवर आणि मीटरवर ते निळसर हिरवे चमकणारे आकडे असायचे ना, त्या तंत्रावर. चपटी पट्टी असते पण आत खरोखर ट्रायोड (तीन टोकांची साधी ट्यूब) आहे. अख्खा हेड अर्ध्या किलोच्या आसपास.

पिकपॉकेट

आणि चौथा प्रकार काका, ज्यात ट्यूबच्या बुडाखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. माझ्याकडे होता तसा एक. अंधारात काय दिसायचा! आवाजाचं विचारू नका.

जुना_व्हॉल्व्ह

हाहा, त्यावरही बोलायलाच हवं. १२एएक्स७ चा हीटर ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपियर घेतो, त्याचा उजेड अगदी मंद, निखारा विझत आल्यासारखा. ट्यूब दिव्यासारखी लखलखत असेल तर तो उजेड बहुतेक एलईडीचा.

पण एलईडी लावला म्हणजे ट्यूब खोटीच असं नाही. बघायचं असतं ते प्लेटला (ट्यूबच्या आतल्या मुख्य टोकाला) व्होल्टेज किती मिळतं. या ट्यूबच्या डेटाशीटमधला नेहमीचा आकडा २५० व्होल्टचा. स्वस्त सर्किटमध्ये तिला १२ ते ४० व्होल्टवरच भागवायला लावतात, उपाशी ट्यूब म्हण. ती चालते, पण गेन कमी मिळतो, लवकर आणि वेगळ्या तऱ्हेने क्लिप होते (सिग्नलची टोकं छाटली जातात), सिग्नल थोडा मऊ करते आणि खरं डिस्टॉर्शन शेजारचे डायोड किंवा ऑपअ‍ॅम्प करत असतात. काही पेडल्समध्ये हेच मुद्दाम केलंय आणि छान वाजतं. तेव्हा उपाशी आहे म्हणून नाक मुरडू नये, फक्त 'अस्सल ट्यूब टोन' असं खोक्यावर छापलंय म्हणून भुलूही नये.

आणि हो, कोणी व्होल्टेज मोजायला म्हणून झाकण उघडू नका. अ‍ॅडॅप्टर जरी १५ व्होल्टचा असला तरी आत सर्किट ते वाढवून घेत असू शकतं, आणि पूर्ण ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये तर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट बसून असतात. हे गमतीत घेऊ नका.

प्रीसेट_नव्याण्णव

एवढ्या हळू वाजवायचंय तर ट्यूब हवीच कशाला हा प्रश्न कोणीच का विचारत नाहीये? बॉस कटाना ५० ला अर्ध्या वॉटचं सेटिंग आहे, यामाहा टीएचआर१० तर टेबलावर ठेवून हळू आवाजात वाजवायलाच बनवलेला. हेडफोन, यूएसबी, इफेक्ट, सगळं आत. डोळे बांधून ऐकवलं तर इथले निम्मे फसतील, मी स्वतः फसलोय.

खर्जातला_मी

फसेन मीही, नक्की. पण माझी अडचण कानाची नाही, स्वभावाची आहे. दिवसभर स्क्रीन आणि मेन्यू यातच जातो. मित्राकडून मागे एक मॉडेलिंगवाला आणला होता, तासातली चाळीस मिनिटं प्रीसेट बदलण्यात आणि वीस मिनिटं तेच तीन लिक वाजवण्यात. मला तीन नॉब हवेत. गेन, टोन, व्हॉल्यूम. संपलं.

प्रीसेट_नव्याण्णव

हे कारण पटलं. ट्यूबचं गुणगान केलं असतं तर भांडलो असतो :)

तालेवार

मी गेली चार वर्षं घरी छोटा हायब्रिड हेडच वापरते, कुठला ते नाही सांगत कारण तक्रार करणार आहे. आवाज सुंदर. पण व्हॉल्यूमचा नॉब! घड्याळाच्या भाषेत सांगते, नॉब सातला असतो तेव्हा बंद, साडेसातपर्यंत काहीच ऐकू येत नाही, आणि साडेसात ते पावणेआठ या केसभर जागेत कुजबुजीपासून आरडाओरड्यापर्यंत सगळं. मी रात्री नखाने ढकलते तो नॉब. २० वॉट घराला चालतात हे शून्य_डेसिबल यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते २० वॉट नॉबच्या सुरुवातीलाच अंगावर येणार असतील तर चालत नाहीत. तेव्हा दुकानात वाजवून बघताना जोरात नका वाजवू, सगळे तेच करतात. उलट अगदी हळू करा आणि नॉब तिथे धड थांबतो का ते बघा. त्या विक्रेत्याला कंटाळा येईल, येऊ दे.

यावर उपाय सापडला तो असा. अ‍ॅम्पला इफेक्ट लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवरच्या मधे बाहेरचं काही जोडायची सोय) असेल तर सेंड-रिटर्नच्या मधे एक साधा व्हॉल्यूम पेडल किंवा नुसता पोटेन्शिओमीटर घातलेली डबी लावायची. प्रीअ‍ॅम्पची ट्यूब हवी तेवढी तापवा, डबीने मागचा आवाज खाली आणा, मास्टर नॉब मग आरामात दहाला ठेवता येतो. माझ्या हेडला लूप नाही, म्हणून मी गिटारचा व्हॉल्यूम कमी करते, पण त्याने गेनही उतरतो. वर ज्यांचं नाव निघालंय त्यात मायक्रो टेररला लूप नाही, मायक्रो डार्कला आहे. एमव्ही५० ला नाही.

अबोल_बासवाला

+१ लूपला.

हेडफोन जॅक आहे एवढं बघून खुश होऊ नका. त्याच्यामागे कॅबिनेटची (स्पीकरच्या खोक्याची) नक्कल करणारं सर्किट आहे का ते विचारा. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, वरची कचकच तोच गाळून टाकतो. हेडफोन काही गाळत नाही. नक्कल नसेल तर डिस्टॉर्शन कानात मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं येतं. मायक्रो डार्कला आणि एमव्ही५० ला ती सोय आहे. तुझं पोर झोपलेलं असणार म्हणजे तू निम्मा वेळ हेडफोनवरच असणार, तेव्हा तुझ्यासाठी हा नंबर एकचा मुद्दा, ट्यूब नंतर.

माझ्याकडून एवढंच.

पिकपॉकेट

अबोल साहेब आज चक्क दोन परिच्छेद बोलले, धाग्याचं सार्थक झालं.

खर्जातला_मी

भारी माहिती मिळतेय, वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका. माझ्याकडच्या कॉम्बोतला आठ इंची स्पीकर सोडवून त्यालाच नवा हेड लावला तर? वेगळं कॅबिनेट घ्यायला नको. स्पीकरवर ८ ओहम २० वॉट लिहिलंय.

जुना_व्हॉल्व्ह

चालेल, पण पाय मोजून टाक. अ‍ॅम्पच्या मागे किमान किती ओहम ते लिहिलेलं असतं, स्पीकर त्याच्या खाली जाता कामा नये. वर गेला तर ट्रान्झिस्टर पॉवरला काही होत नाही, फक्त वॉट कमी मिळतात. एमव्ही५० चे आकडेच बघ, ४ ओहमला ५०, ८ ला २५, १६ ला साडेबारा. पूर्ण ट्यूबच्या अ‍ॅम्पचं वेगळं, त्याला स्पीकर न लावता चालू केलंस तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा जीव जाऊ शकतो. तुझ्या प्रकारात ती भीती नाही, म्हणून तर हेडफोनवर बिनधास्त वाजवता येतं.

तुझा स्पीकर २० वॉटचा आणि हेडही २० चा, म्हणजे काठावर. घरच्या आवाजात काही होणार नाही, फक्त कधी जोशात येऊन नॉब पिळू नकोस. आणि जोडायला स्पीकरची वायर वापर, गिटारची नाही. जॅक सारखाच दिसतो पण आतली तार बारीक असते.

शून्य_डेसिबल

हेडवर जेवढा विचार चाललाय त्याच्या निम्मा तरी स्पीकरवर करा हो. हळू आवाजात सगळेच अ‍ॅम्प पातळ का वाटतात माहितीये? दोष अ‍ॅम्पचा नाही, कानाचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ ला हे मोजून दाखवलं, आवाज कमी झाला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, वरचा भागही थोडा. म्हणजे घरच्या आवाजात तुमचा खर्ज आधीच अर्धा गेलेला, आणि त्यात छोट्या खोक्यातला आठ इंची स्पीकर उरलेला खातो. बारा इंची स्पीकर बऱ्यापैकी मोठ्या खोक्यात असेल तर हळू आवाजातही अंग भरलेलं राहतं. मोठा स्पीकर म्हणजे मोठा आवाज हा गैरसमज आहे, मोठा स्पीकर हळूही वाजतो.

नादखुळा

यावर मात्र आपलं एकमत. लोक डबीएवढा हेड डबीएवढ्या स्पीकरला लावतात आणि मग म्हणतात ट्यूबचा फरकच कळत नाही.

तालेवार

माझाही तोच अनुभव. हेड घेतल्यावर वर्षभर कुरकुर केली, मग कोणाकडून तरी एक बारा इंची कॅबिनेट आठवड्यासाठी आणलं ते परत द्यायचं जिवावर आलं.

खर्जातला_मी

(९ दिवसांनी)

मंडळी, अहवाल. मित्राच्या मित्राकडून मायक्रो डार्क दोन दिवस उसना मिळाला, आणि मूळ मित्राने त्याचं १६ ओहमचं बारा इंची कॅबिनेटही दिलं, देव त्याचं भलं करो. शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना सगळं मांडलं.

आधी माझाच कॉम्बो. मग त्याची वायर सोडून तोच आठ इंची स्पीकर नव्या हेडला. (जुना_व्हॉल्व्ह काका, बंद करून, प्लग काढूनच केलं.) फरक होता. उघडा ए कॉर्ड धरला, गेन साधारण दहा वाजता, उजवा हात अगदी पिसासारखा फिरवला तर तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, आणि तोच हात जरा जोरात आणला तर मधल्या तारा एकमेकींत मिसळून गुरगुरल्या. जुन्या अ‍ॅम्पवर हे होत नाही, तिथे हळू मारलं तर हळू खरखर आणि जोरात मारलं तर मोठी खरखर. गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला तर जवळजवळ क्लीन. हेच तर मला हवं होतं, आणि हे सगळं टीव्हीच्या आवाजात! खालच्या तारांवर मात्र खडे अजून होतेच, थोडे कमी.

मग बारा इंची लावलं. तोच हेड, तेच नॉब, एकाला हात लावला नाही. आवाज एकदम खोल झाला, लो ई ला पोट आलं, खडे गायब. पाच मिनिटं नुसता बसून ई आणि ए मधे ये-जा करत होतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर अ‍ॅम्प बदलल्यावर पडला त्यापेक्षा जास्त फरक स्पीकर बदलल्यावर पडला.

हेडफोनवरही ऐकलं. खोलीचा आवाज नसल्याने कोरडं वाटतं पण पोळं फुटत नाही. तालेवार ताईंची डबीची आयडिया पण केली, जुना व्हॉल्यूम पेडल होता तो लूपमध्ये घातला. कमाल आहे. मास्टर अकराला ठेवून पेडलने हवं तेवढं, नॉबशी झटापट नाही. हे एका जागी नखाने ढकलणं मला जमलं नसतं.

एक खटकलं. याचा गेन फार लवकर जाड होतो, अर्ध्याच्या पुढे मला गरजच नाही, ते मेटलवाल्यांचं काम. ब्लूजला मायक्रो टेरर किंवा एमव्ही५० ची एसी आवृत्ती बरी असं दोघांनी सांगितलं. पण लूप.

जुना_व्हॉल्व्ह

गेन जास्त वाटत असेल तर त्यावरही तोडगा आहे. १२एएक्स७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, त्याच पायांची ५७५१ येते तिचा ७०. बसते तशीच, सर्किट बदलावं लागत नाही. गेनचा नॉब मग अर्ध्यापर्यंत वापरता येतो. पण हे टेक्निशियनकडून करून घे, आणि आधी सहा महिने आहे तशी वाजव. प्रीअ‍ॅम्पची ट्यूब लवकर जात नाही, वर्षानुवर्षं चालते, त्यामुळे बदलायची घाई कसलीच नाही.

प्रीसेट_नव्याण्णव

बघा, तीन नॉब हवे होते म्हणणारा आता लूपमध्ये पेडल आणि ट्यूब बदलायच्या गोष्टी करतोय. हळूहळू येताय लाइनीवर.

खर्जातला_मी

(आणखी ३ आठवड्यांनी, धागा वर आणतोय)

घेतला! मायक्रो डार्क आणि एक वापरलेलं बारा इंची कॅबिनेट, १६ ओहमचं. जास्त ओहम म्हणजे कमी वॉट हेही मुद्दाम बघितलं. पंधरा दिवस स्वर्गात होतो, पण आता एक भानगड आहे. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे खालचा जी, 'झिर्रर्र' असा बारीक पत्र्याचा आवाज येतो. फक्त त्याच नोटवर. एफ साफ, ए साफ. वाचलं की ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे धक्के पकडून स्वतःच वाजायला लागली, की असं होतं. गेली का एवढ्यात?

नादखुळा

म्हणून म्हणत होतो, एचटी-१.

जुना_व्हॉल्व्ह

ट्यूब मायक्रोफोनिक झाली तर ती शक्यतो शिट्टी मारते किंवा घणघणते, आणि पेन्सिलच्या रबराने हेडच्या पत्र्यावर टिचकी मारली की ती टिचकी स्पीकरमधून टणटणीत ऐकू येते. बाहेरूनच मार, उघडू नकोस. पण त्याच्याआधी सोपी गोष्ट कर, हेडफोन लाव आणि तोच जी वाजव. हेडफोनमध्येही झिर्र आलं तर अ‍ॅम्प किंवा गिटार. नाही आलं तर अ‍ॅम्प सुटला, मग कॅबिनेट नाहीतर खोली.

शून्य_डेसिबल

पैज लावतो, खोली. तो जी ९८ हर्ट्झचा आहे. खोलीत काहीतरी ९८ वर थरथरायला टपून बसलंय. एकाच नोटवर येतंय हीच त्याची खूण. फोटोची चौकट, कपाटाची काच, खिडकीची कडी, काहीही असू शकतं. कोणालातरी तो जी सारखा वाजवायला सांगा आणि तुम्ही एकेका वस्तूवर हात ठेवत फिरा.

खर्जातला_मी

हेडफोनमध्ये अगदी साफ. टिचकीलाही काही नाही. कॅबिनेट बाहेरच्या खोलीत नेलं, तिथेही साफ. म्हणजे पैज जिंकलात.

मग काल बायकोला स्टुलावर बसवून गिटार दिली आणि तिसरा फ्रेट दाखवला. तिने दहा मिनिटं इमानदारीत एकच नोट वाजवली, चेहरा काय झाला होता ते लिहीत नाही. मी खोलीभर हात लावत फिरतोय. खिडकीची कडी, नाही. कपाट, नाही. पंख्याची कप, नाही. शेवटी कोपऱ्यात, माझ्या जुन्या कॉम्बोवर हात टेकला आणि झिर्र बंद!

त्याची मागची फळी सहा स्क्रूंवर आहे. दोन स्क्रू नाहीतच, कधीपासून नाहीत देव जाणे. फळी काढली तर आतल्या स्पीकरचा एक नटही बोटाने फिरत होता. घरात होते त्यातले दोन स्क्रू लावले, नट आवळला. झिर्र गेलं.

पिकपॉकेट

थांबा थांबा. म्हणजे पहिल्या पोस्टमधले ते 'पत्र्यावरचे खडे'...

शून्य_डेसिबल

...आणि आठ इंची विरुद्ध बारा इंची ही जी ऐतिहासिक तुलना झाली ती सुट्या नटाच्या स्पीकरवर. खर्जातले भाऊ, तो निकाल बाद. परत घ्या.

खर्जातला_मी

घेतली, आज सकाळी. खरं सांगतो, तोंड कडू झालं. जुना अ‍ॅम्प आता खालच्या तारांवर निम्म्यानेही वाईट वाजत नाही. गेनला ती मऊ गुरगुर नाही ती नाहीच, हात हलका केला तरी तो ऐकत नाही, पण खडे गेले. नवा हेड आठ इंचीवर लावला तर हात ओळखतो, मागच्या वेळेपेक्षा स्वच्छ. बारा इंचीला खर्ज अजूनही जास्त, पण मागच्या वेळी जमीन-अस्मानाचं वाटलं होतं ते आता एका जिन्याएवढं.

नवा ठेवतोय. जुना बायकोने मागितलाय, तिला आता जी येतो म्हणते.